बदामी की बिस्किटी

माझं नाव संतोष. मारवाड्यांच्या घरात मुलीला हे नाव कधी ठेवतात ते ठाऊक नसेल तर सांगते. दोन मुलींच्या पाठीवर तिसरीही मुलगीच झाली की ठेवतात. देवाला कळवायचं असतं, की आता आमचा संतोष झाला, पुरे कर. आमच्या देवानं ऐकलं नाही. माझ्यानंतर चौथी झाली, पण ती गोरी निघाली, म्हणून तिचं कोणी फारसं मनावर घेतलं नाही. मी काळी निघाले होते.

हैदराबाद राज्य मोडलं त्याच्या आदल्या वर्षीची ही गोष्ट. मला सोळावं संपत आलं होतं. दोघी थोरल्या बहिणी आपापल्या घरी गेल्या होत्या आणि मला दोन ठिकाणांहून नकार आला होता, एक सेलूचा, एक मानवतचा. दोन्हीकडून शब्द जवळजवळ सारखेच आले. मुलगी सुलक्षणी आहे, कामाची आहे, पण रंग जरा दबका आहे. माझे वडील जुगलकिशोर, केदारखेड्यात त्यांचं किराण्याचं दुकान होतं आणि हंगामात ते कापूस घेत. नकाराचं पत्र आलं की बापूजी ते दोनदा वाचत आणि मग माझ्याकडे असं बघत, जसं मी त्यांच्या मालात ओल शिरू दिली होती.

तिसरं ठिकाण परतूरचं होतं. गोपीकिशन नावाचे गृहस्थ, वय एक्केचाळीस, बायको वारून वर्ष झालेलं, घरी दोन मुलं. थोरला मुलगा माझ्याहून एका वर्षानं लहान होता. आता कोणी म्हणेल, अशा माणसानं मिळेल ती मुलगी पदरात घ्यावी. पण त्यांनी मध्यस्थाबरोबर स्पष्ट निरोप पाठवला होता, मुलगी उजळ असावी. बापूजी म्हणाले, ठिकाण तालेवार आहे, सोडायचं नाही. मी मांला म्हटलं, मला तिथं जायचं नाही, ज्या घरात मुलगा मला आई म्हणायला लाजेल तिथं मी काय करू. मां तांदूळ निवडत होती. तिनं खडा बाजूला टाकला आणि म्हणाली, "काळ्या मुलीनं इतकं ठरवू नाही, बेटा." ती हे रागानं बोलली नाही. मला तिचा राग आला, अजूनही येतो.

तर परतूरकरांना मी पसंत पडले की माझं आयुष्य तिथं जाणार, एवढं मला नक्की कळलं होतं. आणि नेमके त्याच वेळी माझे मामा, अमरचंद, हैदराबादेहून आले.

मामाजींचं तिकडे कापडाचं दुकान होतं आणि हैदराबादेत राहतो एवढ्या एका गुणावर ते आमच्या घरात सगळ्या विषयांतले जाणकार होते. आमची बैठक म्हणजे दुकानामागची एक लांबट खोली, तिला एकच खिडकी, दर दिवाळीला पांढरा चुना. मामाजी गादीवर बसले, चारी भिंतींकडे बघितलं आणि मला हाक मारली. मला भिंतीला टेकून उभं केलं. डोळे बारीक केले. मग बापूजींना म्हणाले, दोष मुलीचा नाही, भिंतीचा आहे. इतक्या पांढऱ्या भिंतीपुढे कोणीही काळंच दिसेल. हैदराबादेत आता चुना कोणी लावत नाही, डिस्टेंपर लावतात, आणि तेही अशा रंगाचं, की त्यात माणूस उजळतो.

नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण मी शाळेत शिकले होते. तिचा अर्थ त्या दिवशी नीट कळला. दोन स्थळं गेली ती आमच्या चुन्यामुळं, हे बापूजींना इतकं पटलं की त्यांनी जेवताना भाजी पुन्हा मागून घेतली. मामाजी पुढच्या खेपेला दोन पाकिटं घेऊन आले. एकातली भुकटी बदामी, एकातली बिस्किटी. दोन्ही पाकिटं शेजारी ठेवली तर फरक सांगायला मामाजीच लागत. बदामीत जरा पिवळी झाक, बिस्किटीत जरा लाल. कोणता लावायचा ते मुलीला पुढे बसवून ठरवायचं होतं.

रंग द्यायला रायभानला बोलावलं. रायभान धनगर, मेंढरं विकून टाकल्यावर मिळेल ते काम करणारा. पोळ्याला गावातल्या बैलांची शिंगं तोच रंगवायचा, देवळाचं दारही त्यानंच रंगवलं होतं, म्हणून गावाचा रंगारी. डिस्टेंपर त्यानं कधी बघितलं नव्हतं. मामाजींनी त्याला कोमट पाणी किती घालायचं ते असं समजावलं, जसं ते डिस्टेंपरचा कारखानाच चालवत होते. रायभाननं मान हलवली आणि भिंतीवर दोन पट्टे ओढले, दारातून आत आलं की समोर, डाव्या हाताला बदामी, उजव्या हाताला बिस्किटी, मधे खुर्चीपुरती जागा.

त्या खुर्चीवर मी आठ दिवस बसले. सकाळी डाव्या पट्ट्याकडे सरकून बसायचं, मग उजव्या. दुपारी पुन्हा. बाह्या वर करायच्या, म्हणजे हातही दिसतील. वेणी पुढे घ्यायची, मग मागे टाकायची. समोर बापूजी, मामाजी, मां, आणि त्या दिवशी जो कोणी दुकानात आला असेल तो. मास्तर येऊन गेले. पाटलांच्या घरून गोपिकाबाई येऊन गेल्या. जालन्याहून येणारी मोटार आमच्या दुकानासमोर थांबे, तिचा कंडक्टर एकदा पाणी प्यायला आत आला, तर मामाजींनी त्यालाही विचारलं. त्यानं मला नीट निरखलं आणि म्हणाला, डावीकडं बरी दिसते. तिकिटं फाडणाऱ्या माणसालाही माझ्याबद्दल मत होतं आणि ते मागितलंही गेलं. मत फक्त मला नव्हतं, कारण मला कोणी विचारलं नाही.

वाळलेले पट्टे दुसऱ्या दिवशी फिके दिसत. मामाजी म्हणत, रंग उतरलाय, गावच्या पाण्याचा दोष आहे. बापूजी रायभानला सांगत, बघायचं तर ताजं बघू, पुन्हा हात मार. रायभान रोज सकाळी येऊन दोन्ही पट्ट्यांवर नवा हात देई आणि ओल्या रंगापुढे माझी रोजची बैठक सुरू होई. खोलीभर रंगातल्या सरसाचा वास कोंदलेला असे. माझी धाकटी बहीण दारातून बघून हसायची. ती गोरी, तिला काय.

एक गोष्ट सांगायला मला लाज वाटते, पण सांगते. चौथ्या दिवशी सगळे जेवायला गेले असताना मी हातात आरसा घेऊन दोन्ही पट्ट्यांपुढे बसून बघितलं. बदामीपुढे मी खरंच जरा उजळ दिसत होते. आणि क्षणभर मला बरं वाटलं. त्यांच्या मूर्खपणाला मनातल्या मनात हसणारी मी, त्या पिवळट पट्ट्याला मान टेकवून माझा गाल बघत बसले होते. मग माझ्या लक्षात आलं, मी ज्या रंगात गोरी दिसते तो रंग मला परतूरला नेणार आहे. मी आरसा उलटा ठेवला.

त्या दिवसापासून मी बिस्किटीच्या मागे लागले. त्याच्या लालसर ओल्या रंगापुढे माझा चेहरा निळसर, मळकट दिसे, सगळ्यांचं त्यावर एकमत होतं. मां तर म्हणायची, या बाजूला ती आजारी वाटते. मला तोच हवा होता. पण घर बदामीकडे झुकलं होतं, मांही, मामाजीही, कंडक्टरसुद्धा. मुलीनं रंगाचं नाव काढलं असतं तर तोंडावर हात बसला असता. म्हणून मी दुसरी वाट धरली.

बापूजी आणि मामाजी एकमेकांना जी-जी करत, पण बापूजींच्या पोटात मेव्हण्याबद्दल किती मळमळ होती ते आम्ही लहानपणापासून बघत होतो. मामाजींनी हैदराबादेत घेतलं म्हणून बापूजींनी भिंतीवरचं घड्याळ घेतलं नव्हतं, आमच्या घरात वेळ मोटार आली की कळत असे. सहाव्या दिवशी मी बापूजींना ताट वाढताना सहज म्हटलं, मामाजींच्या घरी बदामीच आहे म्हणतात, आपल्याकडेही तोच लागला की लोक म्हणतील मेव्हण्याच्या घरासारखं झालं. एवढंच. बापूजी पोळीचा तुकडा मोडून बसून राहिले.

आठव्या दिवशी त्यांनी निकाल दिला. मामाजी बदामीचे गुण सांगत असतानाच बापूजी म्हणाले, "बदामी तुमच्या घरी शोभतो. माझ्या घरात बिस्किटी लागेल." मामाजी म्हणाले, मुलगी काळी दिसेल. बापूजी म्हणाले, मुलगी माझी आहे. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला माझी म्हटलं, तेही मेव्हण्याला खाली बघायला लावण्यासाठी. मां डोळ्यांना पदर लावून आत गेली. ती एका गोष्टीवर मात्र अडून बसली, बदामीचा पट्टा तसाच ठेवायचा, त्यावर रंग द्यायचा नाही. पुढं काही वाईट झालं की तिला बोट दाखवायला काही तरी हवं होतं. मामाजी त्याच दिवशी मोटारीत बसून निघून गेले, आणि मी आत चुलीपाशी बसून हसले.

रायभाननं तीन दिवसांत खोली पुरी केली. ओली होती तोवर ती मला हवी तशीच होती, चारी बाजूंनी लालसर, मळकट. मी म्हटलं, या खोलीत मला गोपीकिशन काय, कोणीही पसंत करणार नाही. मग खोली वाळली. परतूरची माणसं येण्याच्या आदल्या दिवशी मी सकाळी आत गेले तर भिंतींत लाल म्हणून काही उरलं नव्हतं. नुसता फिकट, मऊ, बदामासारखा रंग. मांनं राखून ठेवलेला पट्टा मी शोधायला लागले. डाव्या हाताला होता खरा, पण कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते दिसेना. हातानं चाचपूनही कळेना.

रायभान अंगणात बादल्या धूत होता. मी त्याला आत बोलावलं आणि विचारलं, पट्टा कुठे गेला. त्यानं भिंतीकडे बघितलंही नाही.

"ताई, दोन्ही वाळले का एकच व्हतात. म्या पयल्याच दिशी बघितलं व्हतं."

मी म्हटलं, मग आठ दिवस बोलला का नाहीत.

"कुनी इचारलं न्हाई. शेठजी रोज म्हनले ताजा हात दे, मंग म्या ताजा हात देऊन राह्यलो. दोन्हीबी वल्ले असल्यावर येगळे दिसनारच की."

मी खुर्चीवर बसले आणि आरसा मागवला. धाकटीनं आणून दिला. मी उजळ दिसत होते. त्या एका खिडकीच्या मंद उजेडात, त्या भिंतीपुढे, मी अगदी परतूरच्या लायक दिसत होते. मला रडू आलं. आठ दिवस मी या माणसांना मनात शिव्या दिल्या, आणि माझी अक्कल काय होती तर मीही एका रंगावरच भरवसा ठेवून बसले होते. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, तशी माझी गत झाली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या मोटारीनं परतूरकर आले. गोपीकिशन आणि त्यांची थोरली बहीण चंदनबाई, दोघंच. बापूजींनी त्यांना खिडकीच्या समोरच्या गादीवर बसवलं. मी पाणी घेऊन गेले आणि गोपीकिशनना पहिल्यांदा बघितलं. त्या भिंतीनं माझ्यापेक्षा त्यांचं जास्त भलं केलं होतं. काळ्याभोर मिशा, गुळगुळीत गाल, फार तर बत्तीस वर्षांचे दिसत होते. चंदनबाईंनी मला सुईत दोरा ओवायला लावला, चालून दाखवायला लावलं, पापड किती दिवस टिकतात ते विचारलं. मग त्यांनी भावाकडे बघितलं. भावानं मान खाली घातली, आणि मान खाली घालणाऱ्या पुरुषाचा अर्थ आमच्याकडे 'हो'च असतो.

चंदनबाई म्हणाल्या, मुलगी गव्हाळ आहे, आम्हाला काळी म्हणून कोणी सांगितलं होतं. बापूजींनी असं हसून घेतलं जसं कोणी शत्रूनं अफवा उठवली होती. त्यांनी मांला नारळ आणायला सांगितलं. मां आतून नारळ घेऊन निघालीसुद्धा.

नारळ माझ्या ओटीत पडला की संपलं, हे मला माहीत होतं. रंगावर भरवसा ठेवून झाला होता, आता माझ्याजवळ माझ्या तोंडाशिवाय काही उरलं नव्हतं. मी उठले आणि चंदनबाईंना म्हटलं, "बाई, मला बाहेर उजेडात बघा. इथं बघू नका."

बापूजी म्हणाले, बस खाली. पण चंदनबाई उठल्या होत्या. त्यांनी जन्मभर बाजारात माल उजेडात नेऊनच घेतला असणार, त्यांना माझं म्हणणं लगेच पटलं. दारातून बाहेर पडताना मी मागं वळून म्हटलं, यांनाही येऊ द्या, संसार यांना करायचाय. गोपीकिशनना बसून राहता येईना, बाहेर यावंच लागलं. त्यांच्यामागं बापूजी, मां हातात नारळ घेऊन, आणि बादली खाली ठेवून उभा राहिलेला रायभान.

चैत्रातलं दुपारचं ऊन होतं. आमच्या अंगणात तेव्हा झाड नव्हतं. मी मधोमध उभी राहिले आणि डोक्यावरची ओढणी मागं सारली. चंदनबाई माझ्याजवळ आल्या, पदराचं टोक थुंकीनं ओलं केलं आणि माझा गाल घासला. त्यांना वाटलं, मी आत पावडर लावली होती. टोकाला काही लागलं नाही. त्यांनी दुसरा गाल घासला. बापूजी बघत राहिले. मांनं तोंड फिरवलं. त्या क्षणी मला त्या सगळ्यांचा इतका तिटकारा आला की माझी भीतीच गेली.

मी मान वळवून गोपीकिशनकडे बघितलं. उन्हात त्यांच्या मिशा काळ्या नव्हत्या. मुळाशी पांढऱ्या, वर जांभळट, आणि कलपाचा एक ओघळ वरच्या ओठावर घामानं उतरला होता. डोळ्यांखाली पिशव्या होत्या. ते एक्केचाळिशीचेही नसावेत, पन्नाशीला टेकले असावेत.

मी म्हटलं, "मी काळी आहे. ती खोली मला गोरी दाखवण्यासाठी रंगवली आहे, बारा दिवस लागले. माझा गाल घासून झाला. आता यांच्या मिशा घासून बघा."

गोपीकिशननी हात वर करून मिशा झाकल्या आणि तो हात मग त्यांना खाली घेता येईना. मोटार निघून गेलेली, दुसरी संध्याकाळी, तोवर दोघांना बसायला जागा तीच बैठक. दोघं तिथं तीन तास बसले आणि त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

ते गेल्यावर बापूजींनी मला मारलं. ते मी लपवणार नाही. मारताना ते म्हणत होते, घराण्याचं नाक कापलंस. मां मधे पडली आणि म्हणाली, पोरीला कशाला मारता, मी आधीपासून सांगत होते बदामी लावा, बिस्किटीनं घात केला. बापूजी थांबले. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग दारातून भिंतीकडे, आणि मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं की ते खरंच विचार करत होते. रायभानला उद्या पुन्हा बोलावतो, असं ते म्हणाले. मार खाल्लेला गाल धरून मी हसायला लागले, आणि ते हसू मला आवरेना.

आठ दिवसांनी परतूरचं कार्ड आलं. बापूजींनी दुकानात उभ्यानं वाचलं आणि गल्ल्याशेजारी टाकून दिलं. ते मंडईत गेल्यावर मी उचललं. नकार असणार हे मला ठाऊकच होतं, मला कारण बघायचं होतं. चंदनबाईंनी कोणाकडून तरी लिहून घेतलं होतं, अक्षर सुबक होतं. मुलगी तोंडाळ आहे, वडीलधाऱ्यांचा मुलाहिजा ठेवत नाही, आमच्या घरात निभावणार नाही. ओळी चारच होत्या. मी त्या पुन्हा पुन्हा वाचल्या, रंगाचं नाव कुठं आहे का म्हणून शोधत. नव्हतं. तोवर मला दोनदा नाकारलं होतं ते जन्मापासून अंगावर असलेल्या गोष्टीवरून. या वेळी मी जे केलं होतं त्यावरून नाकारलं होतं, आणि गूळ-शेंगदाण्याच्या पोत्यांमधे उभी राहून मी ते कार्ड छातीशी धरलं.